शम्सी खानुमचं तळघर

सहा वर्षांनी शम्सी खानुम इफ्फतच्या दारात उभी राहिली ती मिठाईचा डबा घेऊनच. काशानहून जोशेकानपर्यंत मिनिबसला डोंगर चढायला लागतो. वाटेत तिला दोनदा उलटी झाली होती, पण ओठांवरचं हसू काही जागचं हललं नव्हतं.

"तुझी जागा फार रिकामी होती गं, इफ्फत जान," उंबऱ्यातच तिने इफ्फतचे दोन्ही गाल चुंबले. "दिवस जात नाही तुझं नाव काढल्याशिवाय."

याच बाईने, तिच्या सासूने, सहा वर्षांपूर्वी तिला "चार दिवस माहेरी जा, हवा बदलेल" म्हणून पाठवलं होतं. पहिल्या बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांनी इफ्फतची पिशवी काढून टाकली होती. मुलगी झाली, राहेला. पुढे मूल होणार नाही हे ऐकून शम्सी खानुम रडली नाही की भांडली नाही. पोरगी आईचं दूध सोडेपर्यंत थांबली आणि मग मुलासाठी, जलीलसाठी, दुसरी शोधली. इफ्फत माहेरी येऊन आठवडा झाला नसेल तोच कागद आला. तलाक आणि पोर, दोन्ही एकाच कागदावर. बाप म्हणाला, "सही कर. पोर त्यांचं रक्त आहे. कोर्टात गेलीस तर अब्रूची लक्तरं टांगतील." भावाने पेन पुढे केलं. इफ्फतने सही केली.

त्यानंतर तिने काय केलं असेल तर गालिचे विणले. गावात सगळ्याच बायका विणतात, पण इफ्फतची गाठ वेगळी. इस्फहानचे व्यापारी गालिचा उलटा करून बघायचे आणि विचारायचे, "ही तीच का, जोशेकानची?" विणून विणून तिची नजर मात्र उतरली होती. हातातलं दिसायचं, वर टांगलेल्या नक्ष्यावरचे बारीक चौकोन दिसायचे नाहीत.

शम्सी खानुमने चहात साखरेचा खडा बुडवला, दाताखाली धरला आणि मुद्द्यावर आली. धाकट्या लेकीचं, मेहरीचं, इस्फहानच्या मोठ्या घरात जमलं होतं. "त्या घरातल्या बायका सुनेचं तोंड नंतर बघतात, आधी रुखवतातला गालिचा उलटा करतात. आता तुझ्यासारखा हात मी कुठून आणू?"

"आणि राहेला?" इफ्फतने विचारलं. तिने हातातली बशी खाली ठेवली.

"तेच तर सांगायला आले. तू गेलीस तेव्हा सारखी विचारायची, आई कुठे, आई कुठे. काय सांगणार? म्हटलं, मेली. एकदाच काय ते रडून घेतलं पोरीने. आता मेलेली बाई एकदम दारात उभी केली तर भेदरेल ना ती? तू खाला, कुणी मावशी म्हणून ये. शाळा सुटली की ती तुझ्या शेजारी बसेल, नक्षा वाचून दाखवेल. लळा लागेल. गालिचा मागावरून उतरला की मी माझ्या तोंडाने तिला सांगेन. दर उन्हाळ्यात इकडे पाठवीन. इमामजाद्याच्या दर्ग्याच्या जाळीला हात लावून सांगते."

"आणि माझ्या तोंडून आधी निघून गेलं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पोर जलीलकडे, बंदर अब्बासला, त्याच्या नव्या घरी." शम्सी खानुम हसली. "मग शोध समुद्रात."

भावजय मागे लागली, जाऊ नकोस म्हणून. "त्या बाईच्या घरचं पाणीसुद्धा हिशोबाने पी," म्हणाली. पण पुढच्या शनिवारी इफ्फत कात्री, गाठ मारायची आकडी आणि ओळ ठोकायचा लोखंडी पंजा फडक्यात बांधून मिनिबसमध्ये बसली.

माग तळघरात होता. वरच्या वाऱ्याच्या बुरुजातून थंड झोत खाली यायचा. लोकरीला ओल मानवते, म्हणून काशानात मागाची जागा तिथेच. इफ्फत तीन दिवस मागावर उभ्या धाग्यांचा ताणा भरत होती. चौथ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. शाळेचा काळा डगला, डोक्यावरून मागे सरकलेला रुमाल, बोटाला शाई. कान जलीलचे. हनुवटी मात्र इफ्फतच्या आईची, जशीच्या तशी.

"तूच का ती खाला? बीबी म्हणते, तुझे डोळे गेलेत." आजीला ती बीबी म्हणायची.

"गेले नाहीत. लांबचं नीट दिसत नाही."

"मी दिसते?"

"दिसतेस."

"कशी दिसते?"

"छान दिसतेस."

"सगळे तेच म्हणतात," राहेला म्हणाली आणि मागासमोरच्या फळीवर चढून बसली, इफ्फतपासून चांगली हातभर लांब. मग काठी घेऊन नक्ष्यावर टेकवली आणि वाचायला लागली. "दोन लाल, एक निळा. तीन मोतिया. परत लाल, चार."

इफ्फतच्या बोटांनी गाठी मारायला सुरुवात केली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की हात आपले आहेत.

वर्ष असं गेलं. सकाळी ती एकटी ठरलेल्या रंगाची जमीन विणायची, दुपारी राहेला आली की फुलं आणि वेली. रात्री तळघरातच झोपायची. शम्सी खानुम रोज संध्याकाळी खाली यायची, गालिच्याच्या मागे हात फिरवायची आणि "हात दुखू नयेत तुझे" असं गोड बोलून वर जायची.

एकदा मात्र तिची बोटं थांबली. कोपऱ्यातल्या फुलात निळ्याच्या जागी हिरवा भरला होता. एक-दोन ओळी नव्हे, चार दिवसांचं काम; पाकळ्या पुऱ्या होईपर्यंत ते ध्यानात आलं नव्हतं. राहेलाने चार दिवस चुकीचं वाचलं होतं. ती तिथेच बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

"हे काय?" शम्सी खानुमने विचारलं.

"माझी चूक," इफ्फत म्हणाली. "ऐकण्यात गफलत झाली."

शम्सी खानुमने लोखंडी पंजा उचलला आणि त्याच्या दांड्याने इफ्फतच्या उजव्या हातावर मारलं. जोरात नाही, मोजून, तीनदा. "उसव," ती म्हणाली आणि वर गेली.

इफ्फत उसवायला लागली. चिमट्याने एकेक गाठ. राहेला टरफल थुंकून म्हणाली, "मी मुद्दाम वाचलं होतं."

"माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू लहान आहेस."

"मी लहान नाही," राहेला एकदम चिडली. तिने मुठीतल्या सगळ्या बिया जमिनीवर फेकल्या. "तू बावळट आहेस, खाला. तुला कुणी काही केलं तरी चालतं."

त्या दिवसापासून पोरीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. नक्षा वाचता वाचताच, सूर न बदलता.

"एक काळा, दोन बदामी. खाला, तुला मूल आहे?"

"होतं."

"मेलं?"

"नाही."

"मग कुठे ठेवलंस? तीन बदामी."

"दुसऱ्यांकडे आहे."

"का? खोडकर होतं?" राहेला काठी नक्ष्यावरच ठेवून तिच्याकडे बघत होती. "आमच्या गल्लीतली मांजरसुद्धा पिल्लाला हात लावला तर ओरबाडते. तू ओरबाडलंस का कुणाला?"

"पुढचं वाच," इफ्फत म्हणाली.

"एक लाल. ओरबाडलं नसशीलच तू."

हिवाळ्यात राहेलाला ताप आला. दुपारची वेळ होती. शम्सी खानुम आणि मेहरी कापड घ्यायला बाजारात गेल्या होत्या. इफ्फत वर आली आणि शेगडीवर चौरंग ठेवून पांघरलेल्या रजईत पोरीजवळ बसली. राहेला ग्लानीत होती. तिने इफ्फतचा अंगठा मुठीत धरला आणि पोटाशी ओढला. इफ्फतच्या ओठांवर तो शब्द आला, दातापर्यंत आला. तिने जीभ चावली, खरोखरच चावली. तोंडात रक्ताची चव आली. बाजारातून बायका परतेपर्यंत ती हललीसुद्धा नाही.

"काही बोलली नाहीस ना?" शम्सी खानुमने जिन्यात विचारलं.

"नाही."

"गुणाची आहेस."

वर्षाचा शेवटचा गुरुवार आला. नवरोजच्या आधी सगळं काशान कबरस्तानात लोटतं, तसं हे घरही निघालं. शम्सी खानुमने तळघराच्या तोंडाशी येऊन हाक मारली, "चल इफ्फत, तूही चल. घरच्यासारखीच आहेस."

राहेलाच्या आजोबांच्या कबरीवर फातिहा झाला, खजूर वाटून झाले. मग शम्सी खानुम भिंतीकडच्या जुन्या रांगेकडे वळली. तिथे एका कबरीचा दगड फुटका होता, वरची अक्षरं झिजून गेलेली. कोण जाणे कुणाची बाई होती ती, पन्नास वर्षांत कुणी वाली आला नव्हता.

"राहेला, आईला पाणी घाल," शम्सी खानुम म्हणाली.

मेहरीने मान फिरवली आणि डोक्यावरून अंगभर घेतलेल्या चादरीचं टोक दातांत धरलं. तिला हसू येत होतं की लाज वाटत होती, ते इफ्फतला कळलं नाही. राहेलाने गुलाबपाण्याची बाटली उघडली. तिने दगडावर पाणी ओतलं, तळव्याने धूळ धुऊन काढली, फार मन लावून. मग उरलेली बाटली इफ्फतपुढे धरली.

"खाला, तू पण घाल ना. माझ्या आईवर."

"घाल की," शम्सी खानुम म्हणाली. "पुण्य लागतं. आणि दोन बोटं टेकवून फातिहा म्हण. बिचारीला कोण आहे दुसरं?"

आजूबाजूला माणसं होती. राहेला तिच्याकडे बघत होती, डोळ्यांची पापणीही न लववता. इफ्फत वाकली. तिने दोन बोटं ओल्या दगडावर टेकवली आणि स्वतःच्या मरणाचा फातिहा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटला. एक शब्द चुकला नाही. परत येताना राहेलाने तिचा हात धरला होता. हात गार होता, आणि घरापर्यंत तिने तो सोडला नाही. इफ्फतला त्या रात्री वाटलं, एवढं मिळालं ना, मग बाकीचं सगळं सोसलं तरी चालेल.

शरद ऋतू लागला आणि गालिचा पुरा झाला. मागावरून उतरवायच्या दिवशी शम्सी खानुमने सगळ्या शेजारणींना बोलावलं. दृष्ट लागू नये म्हणून धुपाटण्यात इस्पंदाचे दाणे तडतडले, शरबत फिरलं. इफ्फतने ताणा कापला. दोन मीटर रुंद, तीन लांब. बायकांनी तो अंगणात पसरला. मग एकीने कोपरा उलटा केला, गाठी बघितल्या आणि नुसतं "अल्लाह" म्हणाली. मेहरीने अंगणातच इफ्फतच्या गळ्यात पडून रडून घेतलं. "माफ कर मला," ती कानात म्हणाली. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

शेजारणी गेल्या. राहेला हौदाच्या कडेला बसून उरलेली मिठाई खात होती. इफ्फतने हात धुतले, केस नीट केले, रुमाल नव्याने बांधला.

"खानुम," ती म्हणाली. "आता सांगा."

"काय सांगू?" शम्सी खानुम पेले गोळा करत होती. "हां, ते! राहेला, इकडे बघ गं. ही तुझी आई."

"माहीत आहे," राहेला म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला.



"कधीपासून?" इफ्फतने विचारलं.

"पहिल्या दिवसाच्या आधीपासून. बीबीने सांगितलं होतं, तिला कळू द्यायचं नाही. कळू दिलं नाही तर सायकल."

"माझ्याकडे काय बघतेस?" शम्सी खानुम म्हणाली. "मी शपथ मोडली नाही. गालिचा उतरला की सांगेन म्हटलं होतं, सांगितलं. पोरीला ठाऊक आहे हे तुला कळलं असतं तर तू एक तरी गाठ मारली असतीस का? दिवसभर तिला मांडीवर घेऊन रडत बसली असतीस. मेहरीचं लग्न काय मग तुझ्या रडण्यावर लावायचं?"

इफ्फत तिच्याकडे बघतच नव्हती. ती हौदाजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. "राहेला जान, आता उन्हाळ्यात..."

"मी नाही येणार तुझ्याकडे." राहेला उठून उभी राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "तू मला देऊन टाकलंस. बीबीने कागद दाखवलाय. खाली तुझी सही आहे. मला वाचता येतं. मी रोज विचारत होते तुला. रोज! एकदा तरी म्हणायचं होतंस, नाही दिलं, हिसकावून घेतलं. तू म्हणायचीस, पुढचं वाच."

इफ्फतने तेव्हा गप्प राहायला हवं होतं. पुढे किती वर्षं तिने स्वतःला हेच सांगितलं. पण तिच्या आत दीड वर्षाचं उसवणं साचलं होतं, पंजाचे तीन फटके होते, ओला दगड होता. ते सगळं एकदम वर आलं आणि समोर कोण आहे हे तिला दिसलं नाही.

"मी देऊन टाकलं काय?" ती म्हणाली. "आणि तुझ्या बापाने? त्याला दोन मुलगे झालेत तिकडे. दीड वर्ष मी या घरात आहे, जिन्यावर फोन वाजला की ऐकते. मुलांचे दात, मुलांचे जोडे, सगळं बोलतो तो. तुझं नाव एकदासुद्धा घेतलेलं मी ऐकलं नाही. मी दिलं म्हणतेस ना? त्याने तर तुला घेतलंच नाही. तू कुणालाच नको होतीस, म्हणून या म्हातारीजवळ आहेस."

मिठाईचा घास राहेलाच्या तोंडात तसाच राहिला. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला, एखादं फडकं धुताना रंग सोडत जातं तसा. आणि त्या एका क्षणाला, खोटं कशाला बोलायचं, इफ्फतला बरं वाटलं. आपण मारलेलं कुठेतरी लागतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

क्षणभरच. मग तिने हात पुढे केले, पण पोर मागे सरकली.

"बघितलंस?" शम्सी खानुम हळुवारपणे म्हणाली आणि राहेलाला चादरीत घेतलं. "हिला आई म्हणतात."

इफ्फत त्याच दिवशी दुपारच्या मिनिबसने जोशेकानला परतली. भावजयीने सूपचा वाडगा पुढे ठेवला. इफ्फतने दुसऱ्या दिवशी दुसरा ताणा भरायला घेतला.

मेहरीचं लग्न झाल्याचं कळलं. गालिचा इस्फहानच्या घरात दिवाणखान्यात घातलाय आणि त्यावर कुणाला पाय ठेवू देत नाहीत, हेही कळलं. मग बर्फ पडलं, रस्ता बंद झाला. तो उघडल्यावर लोकर विकणारा मश्दी हैदर टेम्पो घेऊन वर आला. चहा पिता पिता तो म्हणाला, "काशानला त्या शम्सी खानुमकडे गेलो होतो. नात बसवलीय मागावर. एवढीशी पोर, पण गाठ बघशील तर! थेट तुझा हात."

इफ्फतच्या छातीत काहीतरी उमललं. तो अभिमान होता हे कळल्यावर तिला स्वतःची किळस आली.

"शाळा?" तिने विचारलं.

"काढली शाळेतून. पोरगी बोलतच नाही म्हणे कुणाशी. मास्तरीण कंटाळली. म्हातारी म्हणाली, जीभ चालत नाही तर हात तरी चालू देत." हैदरने पेला उपडा घातला. "शरद ऋतूपासून तशीच आहे म्हणे. काय झालं कुणास ठाऊक."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या मिनिबसला इफ्फत निघाली. फडक्यात कात्री, आकडी, पंजा होता. ते सगळं का घेतलं, असं तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शम्सी खानुमने दार उघडलं. तिला मुळीच नवल वाटलं नाही. "ये, ये. डोळ्यांवर पाय ठेवून ये. चहा टाकलाच आहे."

"राहेला कुठे आहे?"

"कुठे असणार? खाली."

तळघरात तोच वारा होता. फळीवर राहेला पाठमोरी बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते म्हणून खाली विटा रचल्या होत्या. इफ्फतची चाहूल लागली तशी तिची बोटं थांबली, पण मान वळली नाही. इफ्फतने बघितलं: अंगठ्याजवळची कातडी फाटली होती, आकडी धरायची पद्धत चुकीची होती. अशाने बोट कायमचं वाकडं होतं. सांगायला कुणी नसणार.

"राहेला," ती म्हणाली. "मी त्या दिवशी बोलले ते..."

पोरीने पंजा उचलून ओळ ठोकायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण. तळघर भरून आवाज. इफ्फत थांबली की ठोकणं थांबायचं. इफ्फतने तोंड उघडलं की परत ठण, ठण. असं तीनदा झालं. मग इफ्फत बोलायची थांबली.

ती फळीवर चढून बसली, पोरीपासून हातभर लांब. तिने फडकं सोडलं, आपली आकडी काढली आणि अंगठा कसा ठेवायचा ते राहेलाला दिसेल असं धरून एक गाठ मारली. मग दुसरी. राहेला समोर बघत होती. पण थोड्या वेळाने तिने आपली आकडी हातात फिरवून घेतली.

दोघी विणत राहिल्या. नक्षा वाचायला कुणी नव्हतं. राहेला बघायची, पहिली गाठ मारायची, इफ्फत तिच्या गाठीचा रंग बघून आपली मारायची.

दुपारची अजान झाली तेव्हा शम्सी खानुम जिन्याच्या तोंडाशी आली. हातात चहाचं तबक होतं. ती दोन पायऱ्या उतरली, मान खाली करून मागाकडे बघितलं आणि तिचं तोंड समाधानाने फुललं.

"वा," ती म्हणाली. "दोघी मिळून बसलात तर पुढच्या नवरोजपर्यंत उतरेल की हा. इफ्फत, तुझं अंथरूण मी कुठे हलवलंच नव्हतं. त्याच कोपऱ्यात आहे बघ."

इफ्फतने कोपऱ्याकडे बघितलं नाही. राहेलाने निळी गाठ मारली होती. तिनेही निळा धागा ओढून घेतला.